लखमा पंतोजीचा राहिलेला धडा

फार वर्षांपूर्वी, खाडीत होड्या शिडावर चालत होत्या त्या काळी, मिठागराकाठच्या आगरवाडीत लखमा पंतोजी राहायचा. वाडीतली पोरं मीठ ओढायची. भरतीचं पाणी बांधाच्या वाटेवर चढलं की मिठागरात जाता येत नसे. तेवढीच काय ती पोरांना सुट्टी, आणि तेवढीच लखमाची शाळा. उधाणाला दुपारभर, भांगाच्या छोट्या भरतीला घटकाभर.

असं म्हणतात, की गल्लीतल्या पावलांच्या आवाजावरून लखमा ओळखायचा किती पोरं येताहेत, आणि धडा त्या मापाचा बेतायचा. घोळका आला तर दोन बाजू करून पाढ्यांची झुंज लावायचा. दोघंच आली तर नवं अक्षर काढायचाच नाही, कोडी घालायचा. न आलेल्यांनी काय पाप केलं होतं? गोष्ट सांगायला बसला, तर गोष्ट संपायला आणि वाट उघडी पडायला एकच गाठ पडायची, असं म्हणतात.

अशी ओंजळी-ओंजळीनं सगळ्यांना अक्षरं आली. ती जोडून वाचायचा धडा तेवढा राहिला. लखमानं तो तुकड्यातुकड्यानं देऊन पाहिला. पण मध्ये मीठ ओढून आली की पोरांच्या डोक्यातलं सगळं विरघळलेलं असे. त्या धड्याला हवी होती सगळी पोरं आणि एक अख्खा दिवस.

तो काशा मुकादमाकडे गेला. "एक दीस द्या."

काशा हसला. "पंतोजी, मीठ काय तुझी अक्षरा ओढनार?"

मग तो पोरांच्या आयांच्या दारात गेला. त्या म्हणाल्या, "फुडल्या साली बगू." ते पुढलं साल कधी आलंच नाही. लखमाची जीभ कडू झाली. "तुमाला सवड होईल तवा मी नसेन," म्हणायचा, आणि गाव त्याला हसायचं. एका भांगाच्या दिवशी तो गेला.

त्या दिवशी गावानं काम बंद ठेवलं. मेलेल्यासाठी सवड काढायला आगरवाडी कधी मागे नव्हती. असं म्हणतात, की भांग असूनही वाटेवर चढलेलं पाणी दिवस बुडेपर्यंत उतरलंच नाही. लखमाच्या दारच्या उंडीच्या झाडाखाली सगळी पोरं येऊन बसली. सगळी पोरं, अख्खा दिवस. शिकवणारा तेवढा तिरडीवर होता.

आजही त्या तिथीला मिठागर बंद असतं. उंडीखाली लखमाच्या नावाचा दगड आहे. पोरं रांगेनं येऊन त्यावर बोट ठेवतात. एक म्हणतं "ल", दुसरं "ख", तिसरं "मा". मोठी माणसं डोळे पुसतात, गूळखोबरं वाटतात. सगळं नाव वाचायला कुणी सांगत नाही, आणि पोरांना ते येतही नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की ती मीठ ओढायला जातात.