धुरपाचे फुलखिळे

एक होता राजा. त्याला भारी हौस सुऱ्यांची. कापायचा काय, तर पेरू! हसू नका रे, राजे लोकांचं असंच असतं.

त्याच्या राज्यात राहायची धुरपा. सुरीची मूठ करावी तर तिनंच. दोन बाजूंना लाकूड, मधे पातं, आणि आरपार तीन खिळे. साधे नाहीत बरं का, फुलखिळे! पितळेची बारीक नळी घ्यायची, तिच्यात तांब्याच्या नि चांदीच्या तारा फुलासारख्या रचायच्या, वरून पातळ केलेली लाख ओतायची. गार झाली की नळी कापायची. जिथं कापाल तिथं तेच फूल. गाजर कुठंही कापलं तरी गाभा दिसतो ना, तसं.

एकदा काय झालं, राजाचा हुकूम सुटला. दसऱ्याला नवी सुरी हवी! शिपाई तर दारातच ठाण मांडून बसले. धुरपा कामाला लागली, आणि नेमकी चांदीची एक तार कमी पडली. दसरा उद्यावर. मग तिनं काय केलं? आपल्या डोक्यातला एक पिकलेला केस उपटला आणि दिला नळीत घालून. चकाकत होता की तोही!

मग तिनं पहिला खिळा मुठीत बसवला. टक टक टक. तेलाचं बोट फिरवलं, बघते तर फूल गायब, आणि तिथं एवढासा कान! धुरपानं डोळे चोळले. कान हलला.

मग दुसरा खिळा बसवला. तिथं डोळा! तो मिटला काय, उघडला काय! धुरपाच्या हातातली हातोडी सुटली ती थेट पायावर.

मग तिसरा. टक टक, आणि तिथं तोंड! खिळाच ओरडला, "आई गं! हळू!"

धुरपा मटकन खाली बसली. "कोण गं तू?"

"तुझा केस आहे ना माझ्यात? मग मी तुझीच लेक," सुरी म्हणाली. "आई, मला राजवाड्यातलं ऐकू येतंय. राजा म्हणतोय, अशी सुरी दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. हातात आली की त्याच सुरीनं धुरपाची दहाही बोटं तोडायची."

अरे देवा! धुरपाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आपली बोटं पदरात लपवली. पळणार कुठं? दारात शिपाई.

"आई, माझे खिळे ढिले कर. राजानं उगारली की पातं गळून पडेल."

धुरपानं पक्कड उचलली. खिळ्याला लावली. आणि खाली ठेवली. तिला रडूच फुटलं. "नाही गं बाई. माझ्या हातची मूठ आजवर हलली नाही. तुला कशी अधू करू?" मग डोळे पुसले, आणि तिन्ही खिळे आणखी घट्ट ठोकले. ए बंड्या, कानावरचे हात काढ. पुढं ऐक.

दसऱ्याला दरबार भरला. राजानं सुरी घेतली, "वा वा!" म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "धुरपे, हात पुढं कर." राणीच्या हातातला विडा खाली पडला. सगळा दरबार गारठला. धुरपानं डोळे गच्च मिटले. राजानं सुरी उगारली, आणि…

कचकन! तिसऱ्या खिळ्यानं राजाच्या तळहाताला चावा घेतला!

"मेलो, मेलो!" राजा सिंहासनावर नाचायला लागला. सुरी काही सुटेना. मग प्रधानानं ओढली. सुटेना. मग पैलवानानं ओढली. सुटेना. मग हत्तीनं सोंडेत धरून ओढली, तर राजाच वर लटकला! खिळे ढिले असते तर मूठ तेव्हाच फुटली असती. पण धुरपाचं काम ते!

लटकता लटकता राजाची नजर गेली दुसऱ्या खिळ्यावर. त्या डोळ्यात एक माणूस दिसत होता. दात विचकलेले, हात उगारलेला. "कोण हा राक्षस?" राजा दचकून म्हणाला. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "धुरपाबाई, चुकलो मी."

धुरपानं मुठीवरून अंगठा फिरवला. "सोड गं बाळे आता." आणि सुरी अलगद तिच्या हातात आली.

राजाच्या तळहातावर फुलाचा वण राहिला, जन्मभर. कुणावर हात उगारला की तोच दिसायचा, आणि हात आपोआप खाली यायचा. पुढं दर दसऱ्याला त्या सुरीनं पेरू कापायचे, आणि पहिली फोड राजानं स्वतः धुरपाच्या हातावर ठेवायची. मग सगळी सुखानं राहिली.

आता बोटं मोजा बघू आपापली. भरली ना दहा? मग घाला पांघरुणात, आणि झोपा गुपचूप.