गड्डी खुरप्यावर चिडते

कुंड्या अजून मातीच्याच असायच्या, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसातल्या कुंडीत निशिगंधाची एक म्हातारी गड्डी पिल्लांना पोटाशी धरून बसली होती. हिवाळा सरताना खुरपं पिल्लं सुटी करायला आलं, तशी ती कडाडली, "मेल्या खुरप्या, माझं घर फोडतोस? हात लावून तर बघ!"

बिचाऱ्या खुरप्याच्या हाती एकच मरतुकडं पिल्लू लागलं. काकूंनी ते कुंपणापलीकडे हमीदाबींना देऊन टाकलं आणि गड्डीचा नाद सोडला. गड्डी मात्र धुसफुसतच राहिली. "माझ्या लेकराचे तिकडे काय हाल असतील!"

पावसाळ्यात कुंडीत नुसती पाती माजली. पिल्लं जागेसाठी एकमेकांना कोपरं मारत होती. फुलाचा एक दांडा वर येईल तर शपथ. आणि एका संध्याकाळी कुंपणापलीकडून असा घमघमाट आला, की सगळं परस भरून गेलं. गड्डीने तो वास ओळखला. तिच्याच घराण्याचा होता.

मग ती कोपऱ्यातल्या खुरप्यावर पुन्हा कडाडली, "गंजलास की काय, मेल्या? इथे माझी पोरं गुदमरताहेत आणि तू खुशाल लोळतोयस?"