रिबकाबाईनं कापलेला दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. आमच्या सासूबाई शंभर म्हणतात, सासरे दीडशे म्हणतात, आणि मधल्या पन्नास वर्षांवरून त्यांचं अजून जमलेलं नाही. बाकी गोष्टीबद्दल मात्र बोरखडीत दोन मतं नाहीत.

तेव्हा बोरखडीत रिबकाबाई नावाची दोर वळणारी बाई होती. गावाबाहेर ओढ्याकाठी ख्रिस्ती माणसांची अकरा घरं होती, त्यातलं शेवटचं तिचं. ती आणि तिचा नवरा शद्रक केकताडाची पानं कापून आणत, डोहात भिजत घालत, कुजली की धोपटून त्यातून पांढरा वाख काढत. तो वाख उन्हात खडखडीत वाळवला की मग त्याचा दोर व्हायचा. शद्रक एका टोकाला बसून पीळ द्यायचा आणि रिबकाबाई वाख सोडत सोडत उलट्या पावली मागं जायची. एकदाही वळून न बघता. तिच्या टाचांना डोळे होते, असं म्हणतात.

एका साली पाऊस आलाच नाही. गावानं विहीर खणायला घेतली. चाळीस हात गेली, तरी खाली नुसता खडक. मुकादम होता तुळाजी. खणणारे सात गडी, आणि त्यांचा म्होरक्या गुंडीबा. एवढ्या खोल उतरायचं म्हणजे जाड, लांब दोर हवा. तुळाजीनं रिबकाबाईच्या दारात दोन पोती जोंधळे टाकले आणि दोर आठ दिवसांत पाहिजे म्हणून सांगितलं. दुष्काळात दोन पोती म्हणजे काय, ते भरल्या घरात बसून कळायचं नाही. तिनं हो म्हटलं.

दोर आठव्या दिवशी झाला. पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड. तुळाजीनं तो बैल लावून ओढून बघितला, मान हलवली आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी रिबकाबाई घर झाडत होती. आढ्याला त्याच वाखाची एक जुडी उरलेली लटकत होती. तिला आंबूस वास आला. तिनं जुडी उकलली, तर आतून काळी. बोटानं ओढली, तर शिळ्या भाकरीसारखी तुटली. तेव्हा तिला आठवलं. सहाव्या दिवशी घाईघाईत वाख उन्हातून लवकर उचलला होता. वरून वाळलेला, आत ओल. आणि तोच दोराच्या मधल्या पदरात गेला होता. वरून कुणाला दिसला नसता. बैलालाही कळला नव्हता.

शद्रक म्हणाला, मुद्दाम केलंस का? नाही ना? मग गप बस, एक पोतं उघडलंय आपण. ती मास्तरांकडं गेली. हे मास्तर म्हणजे त्या अकरा घरांची शाळा आणि उपासना दोन्ही चालवणारे मायाळू गृहस्थ. ते म्हणाले, "नकळत झालेली चूक देव माफ करतो, रिबकाबाई."

"देव करील हो," ती म्हणाली. "विहीर करील का?"



ती उठली, कमरेला विळा खोचला आणि विहिरीवर गेली. गुंडीबा दोर कमरेला बांधून काठावर उभाच होता. रिबकाबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं, की दोर माझा आहे आणि तो वाईट आहे. तुळाजी आधी हसला, मग चिडला. बैलानं ओढून बघितलाय म्हणाला, दिवस मोडू नको म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "तुझा देव रविवारचा. आज मंगळवार आहे. जा घरी."

"मंगळवारीच तर दोर वळते मी," रिबकाबाई म्हणाली. "तेवढं त्याला ठाऊक आहे."

आणि तिनं विळा घातला. मनगटाएवढा दोर एका घावात तुटला. पांढऱ्या वाखाच्या पोटातून काळी भुकटी सांडली.

तुळाजीनं तिचं पोतं परत घेतलं, उघडलेलंही घेतलं, आणि तिच्या हातचा दोर पुन्हा विहिरीवर येणार नाही, असं चारचौघांत बजावलं. बाजारातून नवा दोर आणला. तोही पांढराशुभ्र. पण गुंडीबानं त्याला हात लावला नाही. तो विहिरीकडं पाठ करून खाली बसला. त्याच्यामागं बाकीचे सहा बसले. तुळाजीनं धमकावून बघितलं, गोड बोलून बघितलं. गुंडीबाचं उत्तर एकच.

"जिनं स्वतःचा दोर कापला, तिच्याच दोरावर उतरू."

गडी एकवीस दिवस तसेच बसून होते, असं म्हणतात. तिकडं रिबकाबाईनं पुन्हा पानं कापली. डोहात चिखलच उरला होता, पण तिनं पानं टाकली तशी कोरड्या डोहाला ढोपरभर पाणी फुटलं. मग विहिरीची गरजच काय होती, असं मी एकदा विचारलं. सासूबाईंनी गोष्ट तशीच पुढं चालू केली.

वाख या वेळी ती म्हणेल तेव्हाच उन्हातून उठला. मग ती उलट्या पावली निघाली. ओढा ओलांडला, माळ ओलांडला, शेजारच्या गावाच्या वेशीपर्यंत गेली, आणि वाख सरला नाही. वाटेतल्या बाभळींनी काटे आत ओढून घेतले, असं म्हणतात.

बाविसाव्या दिवशी तुळाजीनं हट्ट सोडला आणि सात गडी त्या दोरानं उतरले. पहिल्याच तासाला विहिरीची एक बाजू ढासळली. पायाखालचा खडक गेला आणि खालून पाणी उसळलं. सातही जण त्या एका दोराला लटकले. दोर ताणला, तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजला, पण बोटभरही लांबला नाही. वरून ओढायला पहिला हात तुळाजीनं घातला. हे आमच्याकडं आवर्जून सांगतात, म्हणून मीही सांगते.

रिबकाबाई पुढं पुष्कळ जगली. विहीर अजून आहे.

आणि बोरखडीत अजूनही सुगीनंतरच्या पहिल्या रविवारी, उपासना सुटली की, चर्चच्या ओट्यावर विळा ठेवतात. ज्याला त्याला वर्षभरात आपल्याच हातचं जे वाईट निघालेलं ठाऊक असेल, ते त्यानं आणायचं, सगळ्यांदेखत कापायचं नाहीतर मोडायचं, आणि गिऱ्हाइकाला नवं करून द्यायचं. शिंपी झंपर आणतो, सुतार स्टूल आणतो, वायरमन वायरीचं भेंडोळं आणतो. कुणी कुणाला हसत नाही. रिकाम्या हातानं येणाऱ्याला मात्र म्हाताऱ्या हमखास विचारतात, "का रे बाबा, वर्षभरात काहीच चुकलं नाही?" या प्रश्नाला सगळं गाव भितं.

गेल्या साली मंडळींनी आमच्या नव्या डांबरी रस्त्याच्या ठेकेदाराला मानाचं बोलावणं धाडलं. त्याला त्या दिवशी नेमकं तालुक्याला काम निघालं. मग सातजण गेले आणि त्याच्या वतीनं रस्त्याचा एक तुकडा उचलून ओट्यावर आणून ठेवला.

उचलायला कुदळ लागली नाही, असं म्हणतात.