काळ्या दगडावरची काडीपेटी

"...मग सोपान्या कसा धडधाकट, ते सांगा बाबा."

लहू गवंडी दारात उभ्या उभ्याच बोलत होता. सिमेंटच्या दोन गोण्या एकदम उचलणारा गडी. पण आता डोळे हळदीसारखे पिवळे. मागं बायको कौसा, तिच्या कडेवर लेकरू.

गुलाबशा फकीर आपल्या गवती झोपडीत बसले होते.

"आधी काडीपेटी बाहेर ठेव. त्या दगडावर."

दारापासून वीस पावलांवर एक काळा दगड होता. येणारा प्रत्येक जण विडी-काडी तिथं ठेवूनच आत यायचा.

लहू कुरकुरत ठेवून आला.

"सरपंचाच्या घरी भर वाऱ्यात चूल पेटते. तिथं नाही कुणी असं अडवत."

"त्याचं घर कौलारू आहे, बेटा."

लहू खाली बसला.

"सोपान माझा जोडीदार. एकाच गुत्त्यावर बसतो आम्ही. तो माझ्या दुप्पट पितो, अन् लिव्हर माझं खराब. डॉक्टर म्हणतो, काहींच्या लिव्हरला दारू लवकर खाते, तुमचं त्यातलं. बापाकडून रक्तातच आलंय. सोडली तर अजून सावरेल म्हणतो. पण रक्तातच आहे, तर सोडून काय फायदा?"

"रोज सोपानभाऊजींचंच लिव्हर मोजतात," कौसा म्हणाली.



फकिरांनी विचारलं, "सरपंचाच्या कौलाखाली वासे कशाचे आहेत?"

"लाकडाचे. आग लागली तर तेही जळतील."

"सोपानला सांग तेवढं."

"आणि माझं काय?"

फकिरांनी हात वर करून छपरातली एक काडी ओढली. लहूच्या तळहातावर ठेवली. वाळलेली, वजनच नसलेली.

"चाळीस उन्हाळे झाले. खालची वस्ती दोनदा जळाली. हे नाही जळलं."

"गवत असून?"

"गवत आहे, हे मला माहीत आहे."

लहू काडीकडे बघत राहिला...

"म्हणजे जन्मभर भीत भीत जगायचं?"

"माझं घोरणं खाली वस्तीपर्यंत ऐकू जातं. विचार कुणालाही."

कौसाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

लहू उठला. दारातून वळून म्हणाला, "दवाखान्याचा कागद कुठं ठेवलास गं? परवा चुलीत घाल म्हणालो होतो तो."

"नाही घातला."

तो दगडाकडे चालू लागला. कौसा मात्र हलली नाही. लेकराला तिनं जास्तच आवळून धरलं होतं.

"बाबा, ह्याच्यातही आलं असेल का हो ते?"

"असेल. नसेलही."

"मग मी काय करू?"

लहूनं खाली ठेवलेली गवताची काडी फकिरांनी उचलली आणि लेकराच्या मुठीत दिली.

"बोलायला लागलं, की सांग त्याला... छप्पर कशाचं आहे ते."