शांततेची पाटी

येसूच्या परकराला इतकी ठिगळं, की मूळ कापड कोणतं ते देवालाच ठाऊक! पोरीला आई नव्हती. वाढवलं ते खालच्या आळीतल्या आंधळ्या मावशीनं. आता ती वरच्या आळीत बाबांकडे राहायची; ते संग्रहालय झाडायचे. आणि दोन आळ्यांचं भांडण? विचारूच नका! विहिरीवरून निघालं ते लाठ्यांवर गेलं.

राणीसाहेब वैतागल्या. "संग्रहालयात शांततेचं दालन मांडा. उद्या सूर्य बुडायच्या आत भांडण मिटवा, नाहीतर मधोमध भिंत!"

भिंत झाली की मावशी कायमची पलीकडे. मोठी माणसं मागं सरली, तेव्हा येसूच म्हणाली, "मी मांडते."

म्हणाली खरी, पण मांडणार काय? भांडणातल्या मोडक्या लाठ्या, फाटकी लुगडी नि फेटे गोळा करून ती संग्रहालयाच्या बागेत रडत बसली. तेवढ्यात पारिजातकाच्या केशरी देठांत काहीतरी लुकलुकलं. फुलाएवढी, सोनपंखी, इवलीशी परी!

"एक इच्छा माग, बाळ. नवा परकर देऊ?"

"नको गं. या मोडक्यातोडक्याचंच दालन कर. सगळ्यांना येता येईल असं."

"करते. पण झाडाचं एक पानही तोडायचं नाही. आणि दारातून एक जरी माणूस परत गेला, तर सारं विरून जाईल हं!"

छुम्म! लाठ्या एकमेकींना बिलगल्या आणि वरच्या आळीतल्या पांगळ्या भिकूनानांसाठी दाराशी उतार झाला. चिंध्यांची लाल-हिरवी-जांभळी वाकळ झाली, हात लावून बघायची.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या आल्या. पण बाबांनी काय करावं? सवयीनं दारावर पाटी टांगली, 'शांतता राखा'! शांततेचं दालन, मग पाटी नको? झालं! सगळे डोळे वटारून चिडीचूप. सूर्य शेंड्यांना टेकला.

इतक्यात एक तान्हं रडलं. "श्शू! बाहेर न्या!" दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एका सुरात ओरडल्या. बिचारी आई वळली. तिनं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, तसा वाकळीतला लाल रंग उडाला. मग हिरवा उडाला! येसूनं ते पाहिलं. धावत जाऊन तिनं दार अडवलं.

"काकू, जाऊ नका!" तिनं पाटी खसकन ओढली. "बाबा, तोंडं मिटली म्हणून भांडण मिटतं का?"

सूर्याची नुसती कड उरली. मावशीचा हात वाकळीवरून फिरत होता.

"अगंबाई! हा माझ्या लुगड्याचा काठ. आणि त्याला जोडलेला फेटा कुणाचा?"

"माझा," भिकूनाना गुरगुरले. "तुमच्याच लोकांनी फाडला!"

"आणि तुम्ही माझ्या भावाचं डोकं फोडलंत!" मावशी उसळली.

"फोडलं खरं," नाना खाली बघत म्हणाले. "चुकलंच माझं."

मग काय! रडणं, रुसणं, एकच कल्ला. त्या कल्ल्यातच विहिरीच्या पाळ्या ठरल्या आणि मग सूर्य बुडला. वाकळीचे रंग झळाळून परत आले. परी येसूच्या प्रत्येक ठिगळावर एकेक फूल ठेवून लख्ख उजेडात नाहीशी झाली.

भिंतीसाठी आणलेल्या विटांचा विहिरीशी ओटा झाला. रोज संध्याकाळी मावशी त्यावर येसूची वेणी घालते. पाटी आज पुन्हा दारावर आहे. फक्त खाली येसूनं कोळशानं लिहिलंय, 'बोलत राहा.'