वटवाघळांच्या झाडाखालचं उखळ

एक होतं गाव. खूप लांब, पूर्वेकडे, व्हिएतनाम देशात. तिथे एक भली मोठी नदी समुद्राला मिळते, पण सरळ मिळेल तर शपथ! नऊ फाटे फोडते. त्यातल्या एका फाट्याच्या काठी ख्मेर लोकांचं हे गाव. मागच्या वर्षी मी सुलूमावशीबरोबर सहलीला गेले होते ना, त्याच बाजूचं. तिथली देवळं पाहिली, तळी पाहिली आणि येताना बसमध्ये बसून ही गोष्ट रचली. तेव्हा खरी का खोटी, ते विचारायचं नाही. ओजू, पाय आत घे. ईरा, तू इकडे ये. दोघांना थोपटते.

तर त्या गावात बुद्धाचं देऊळ होतं. देवळाची एक लांबलचक होडी होती, पन्नास माणसं बसतील एवढी. वर्षभर ती छपराखाली निजून असायची. आपली त्रिपुरी पौर्णिमा असते ना, बरोबर त्या दिवशी शर्यतीसाठी पाण्यात उतरायची. देवळाच्या अंगणात, अगदी नदीला लागून, एक प्रचंड झाड होतं. त्याला हजारो वटवाघळं उलटी लटकलेली. ईऽ काय त्यात? दिवसभर झोपायची बिचारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आणि झाडाखाली राहायची कोलाप आजी. तिकडे आजीला याय म्हणतात, आणि कोलाप म्हणजे गुलाब. नाव गुलाब, पण बोलणं सगळं काट्यांचं, बरं का. ती पोहे कांडायची. हो, पोहे! फक्त फोडणी नाही देत ते लोक, केळं आणि खोबरं घालून खातात. दोघी शेजारणी समोरासमोर उभ्या राहून मुसळं चालवायच्या. एकीचं वर, दुसरीचं खाली. धप्प, धप्प. आणि तेवढ्यात कोलाप आजी उखळात हात घालून पोहे खालीवर करायची. ताल चुकला की बोटांचा चेंदामेंदा. पण चाळीस वर्षांत तिचं एक नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

आता झालं काय, गावाची होडी शर्यतीत हरली. मग वल्हेकऱ्यांनी होडी घासून हलकी केली. दुसऱ्या वर्षी पुन्हा हरली. मग तिच्या नाकावर वाघाचे मोठे मोठे डोळे रंगवले. तिसऱ्या वर्षी तर शेवटचा नंबर आला! मग वल्हेकऱ्यांचा मुख्य होता वुथी, चांगला दांडगा माणूस, तो म्हणाला, "होडीच अवलक्षणी आहे. यंदाची शर्यत झाली की हे झाड तोडू आणि पुढच्या वर्षीसाठी नवी करू." आणि त्यानं झाडाला चुन्याची मोठी खूण करून टाकली.

कोलाप आजीला रडूच आलं. झाड गेलं की सावली गेली, उखळ उन्हात पडलं, आणि वटवाघळांनी जायचं कुठे? तिनं डोळे पुसले आणि वुथीला गाठलं.

"अरे ए, होडीला नावं ठेवतोस? पन्नास जण बसता आणि पन्नास जण आपापलं वल्हवता. काठावरून दिसतं मला."

"याय, तुम्ही पोहे कांडा," वुथी हसून म्हणाला. "होडीतलं तुम्हाला काय कळतं?"

"मग तू कांड. घाल हात उखळात!"

मुसळं सुरू झाली. वुथीनं घाईघाईनं हात घातला. धप्प! बोट सुजलं. दुसऱ्यांदा तो घाबरत घाबरत उशिरा गेला. धप्प! दुसरं बोट सुजलं. तिसऱ्यांदा मात्र तो गप्प उभा राहिला. मुसळं ऐकली. मग हात घातला, पोहे फिरवले, हात बाहेर काढला. काही झालं नाही.

तो स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला.

"यंदा या तालावर वल्हवा," कोलाप आजी म्हणाली. "हरलात तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देते."

मग शर्यतीचा दिवस उजाडला. नदीला तीन वळणं होती. पहिल्या वळणावर दोघी बाया उखळ घेऊन उभ्या, दुसऱ्यावर दोघी. तिसरं वळण देवळापाशी. तिथे झाडाखाली कोलाप आजीचं जुनं उखळ. शर्यत तिथेच संपायची.

पहिल्या वळणावर धप्प, धप्प ऐकू आलं आणि पन्नास वल्ही एकदम पडली. शेवटची होडी मधल्या नंबरावर आली. दुसऱ्या वळणावर धप्प, धप्प, आणि होडी दुसऱ्या नंबरावर आली. आता पुढे एकच होडी उरली. तिसऱ्या वळणावर कोलाप आजीच्या शेजारणींनी जोर लावला, आणि काडकन मुसळ मोडलं!

आवाज थांबला. वल्ही गडबडली. कोलाप आजीनं झाडाला मिठी मारली आणि डोळे मिटले.

पण गंमत ऐका हं. ती वटवाघळं वर्षानुवर्षं त्या आवाजावर झोपायची. आवाज थांबला तशी सगळी दचकून जागी झाली. भर दुपारी आभाळ काळं झालं. हजारो पंख फडफडायला लागले, आणि सवयच ती, त्याच तालात! फड्, फड्. फड्, फड्. वुथी ओरडला, "वर ऐका!" पन्नास वल्ही पुन्हा एकदम पडली आणि होडी जिंकली. किती अंतरानं? नुसत्या नाकाएवढ्या.

संध्याकाळी चंद्र उगवला. नवे पोहे आधी चंद्राला दाखवले. मग तिकडच्या रीतीप्रमाणे कोलाप आजी मुलांना भरवायला बसली. पोह्यांचा गोळा तोंडात घालायचा, पाठीवर हात ठेवायचा आणि विचारायचं, काय हवं तुला? रांगेच्या शेवटी बघते तर वुथी बसलेला, एवढा मोठा घोडा! तिनं त्यालाही भरवलं. "काय हवं रे तुला?"

तोंड भरलेलं, बोलणार कसा? तो उठला, झाडापाशी गेला आणि तळहातानं चुन्याची खूण पुसून आला.

झालं. झाड राहिलं, नवं मुसळ आलं, होडी पुढे कधी जिंकली, कधी हरली, आणि गाव पोहे खाऊन सुखात राहिलं. वटवाघळं परत आली, उलटी झाली आणि त्या धप्प धप्पवर झोपून गेली.

तुम्हीही झोपा आता. ओजू? ईरा? झोपली वाटतं. थोपटणं थांबवून बघू का?

नको बाई. जागी व्हायची.