भावाची वाट आणि मूठभर मीठ

धप्प. ओलं चामडं फरशीवर पडलं की असा आवाज व्हायचा. फार वर्षांपूर्वी ऐकलेला, पण अजून कानात आहे. ज्या गावात तो रोज ऐकू यायचा, तिथली ही गोष्ट.

त्या गावात कच्च्या चामड्याचा एक व्यापारी होता. माणूस वाईट नव्हता. पण त्या वर्षी चामड्याचा भाव एका जागी बसेना. सकाळी चढायचा, दुपारी उतरायचा. व्यापाऱ्यालाही बसवेना. जेवताना गाडीचा आवाज आला, की तो उष्ट्या हातानेच रस्त्यावर धावायचा. "शहरात काय भाव निघाला रे?"

ऐन उन्हाळ्यात तान्हूबाईची म्हैस साप चावून मेली. बाईला दुसरा आधार नव्हता. तिने चामडं आणून व्यापाऱ्याच्या हवाली केलं.

"शेठ, तुम्हीच विका. तुमचा हिस्सा ठेवून बाकीचं मला द्या. म्हशीची एक पारडी बघून ठेवलीय."

"निर्धास्त जा, बाई."

चामड्याला मीठ लावणारा सायबू मिठाची पाटी घेऊन आला. "लावू का, शेठ?"

"थांब. मीठ पाणी ओढून घेतं, वजन घटतं. उद्या ओलंच तोलू."

तेवढ्यात शहरातलं गिऱ्हाईक आलं. चामड्याचा भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबत. गिऱ्हाईकाने बोटांनी चांगला भाव सांगितला. व्यापाऱ्याने हात काढून घेतला.

"उद्या आणखी चढेल."

सायबू पुटपुटला, "मग मीठ तरी लावू द्या, नाहीतर सडेल. ऊन बघा केवढं आहे."

"तुला भावातलं काय कळतं?"

"भावातलं नाही कळत, शेठ. चामड्यातलं कळतं."

दुसऱ्या दिवशी भाव पडला. "आता दिलं तर लोक हसतील," असं म्हणत व्यापारी अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. सायबूने दोनदा पाटी उचलली, दोनदा खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी भाव खरोखरच चढला. इतका कधी चढला नव्हता. व्यापाऱ्याने धावत जाऊन गिऱ्हाईकाला आणलं आणि रुमाल पुढे केला.

गिऱ्हाईकाने रुमालाला हात लावला नाही. वाकून चामड्याच्या मानेजवळचे केस चिमटीत धरले आणि ओढले. पुंजकाच हातात आला. वासही सुटला होता.

"भाव चांगला आहे, शेठ. पण माल कुठे आहे?"

त्याच वेळी तान्हूबाई आली. पारडीसाठी नवा दोर विणून तिने खांद्यावर टाकला होता.

व्यापारी चाचरला. "बाई, भाव... आज चढलाच होता बघ."

तान्हूबाई चामड्याशी बसली. तिने म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. तळवा केसांनी भरला. तिने तो पदराला पुसला, खांद्यावरचा दोर सावरला आणि निघून गेली.

तात्पर्य: दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेलं आधी राखावं, भावाकडे मग बघावं.